ब्रेकला कल्हई

बशीरभाईंच्या हातात काहीही दिलं, तरी ते आधी उलटं करून आतून पाहायचे. माझ्या लग्नात मी आयुष्यात पहिल्यांदा कोट शिवला होता. जो तो म्हणत होता, छान दिसतो. बशीरभाई जवळ आले, कोट पुढून उघडला, अस्तर दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाले, "शिंप्यानं फशिवलं तुमाले." बोहल्यावर उभं राहायला तेव्हा पाच मिनिटं उरली होती. सगळी मंगलाष्टकं मी अस्तराचा विचार करत ऐकली.

टोपी विकत घ्यायची तर ते ती उलटी करून उजेडात धरत. मी ज्यांच्याकडं कामाला होतो त्या डॉक्टरांनी अकोल्याहून नवं टेबल आणलं, तेव्हा बशीरभाई सरळ त्याच्याखाली जाऊन उताणे पडले आणि खालून कळवलं की सुतारानं इकडं रंधा मारलेला नाही. दवाखान्यात दाखवायला आले की डॉक्टरांनी सांगायच्या आत आ करून बसत. पाय मुरगळलेला असला तरी आ. "बाहेरचं तं सारेच पाह्यते," ते म्हणायचे. "अंदरचं कोन पाह्यन?"

ते कल्हईवाले होते. आता हेही समजावून सांगावं लागतं, काय करता! तेव्हा घरोघर तांब्या-पितळेची भांडी. त्यांत ताक, चिंच, कढी असं आंबट काही ठेवलं की ते कळकायचं, म्हणजे हिरवं विष व्हायचं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ पांढरा लेप द्यायचा, ती कल्हई. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, आणि गावातल्या निम्म्या भांड्यांचं पोट बशीरभाईंच्या हाताखालून गेलेलं होतं. त्यांचं घर आमच्या दवाखान्याला लागून. पुढं ओटा, ओट्याखाली भट्टी, भट्टीला कातड्याचा भाता. मी दवाखान्यात कंपाउंडर. मध्ये एक खिडकी होती. बशीरभाईंनी तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर खिडकीतून आत यायचा, रोगी खोकायचे आणि डॉक्टर खोकल्याचं औषध लिहून द्यायचे. मी कित्येक वर्षं ते औषध बनवलं. खिडकी लावून घ्यावी असं मला एकदाही सुचलं नाही, आणि डॉक्टरांनाही नाही.

माणूस वाळका. डोक्याला कळकट टोपी, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. पण पाय पाहावेत! भांडं आतून साफ करायचं तर त्यात वाळू-विटकरीची भुकटी आणि गोणपाटाचा तुकडा टाकून ते आत उभे राहायचे, भिंतीतली खुंटी दोन्ही हातांनी धरायचे आणि कमरेतून असे गर्रकन इकडून तिकडं वळायचे की भांडं खाली करकर वाजायचं. सारी उमर हेच केल्यानं पायांना सवयच लागली. बोलत उभे असले तरी टाचा जागच्या जागी फिरायच्या. एकदा कोणाच्या तरी मयतीला आम्ही शेजारी उभे होतो. सगळे माना खाली घालून शांत, आणि बशीरभाईंच्या टाचेखालची खडी वाजतेय. कोणी काही बोललं नाही. गावाला माहीत होतं.

बायका मात्र त्यांच्याशी भांडत. "बशीरभाई, बाहेरून तं काळंच ठिवलं!" बशीरभाई शांतपणे विचारत, "बाहेरून जेवता का माय?" बाहेरच्या बाजूला ते हात लावत नसत. ते काम मालकाचं. आणि भांडं परत देताना एक रीत ठरलेली. मालकाच्या समोर त्यात पाणी ओतायचं आणि पहिला घोट स्वतः प्यायचा. मग भांडं हवाली. तीस वर्षांत एकही भांडं वापस आलं नाही, हे ते दर दोन दिवसांनी सांगत. आपण ऐकलेलं आहे असं म्हटलं तरी सांगत.

या नावापायी ते एकदा कामरगावला मार खाता खाता वाचले. तिथल्या एका मोठ्या लग्नाची भांडी त्यांनी कल्हई करून दिली होती, म्हणून पाहुणे म्हणून गेले होते. पंगत बसलेली, पानं वाढलेली. बशीरभाई सवयीनं चुलाणाकडं गेले आणि कढीच्या हंड्यात डोकावले. हंडा त्यांचा नव्हता. आचाऱ्याला एक कमी पडला म्हणून त्यानं कोणाच्या तरी घरून तांब्याचा आणला होता, त्याची कल्हई कधीच उडून गेलेली. बशीरभाईंनी कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. खांदा लावला आणि हंडा आडवा केला. कढी मांडवभर वाहत पहिल्या पंगतीच्या पायांपर्यंत गेली. नवरदेवाच्या मामानं त्यांची गचांडी धरली. बशीरभाई म्हणाले, "मारा जी, पर आंदी अंदरून पाहा." मामा पहिलवान होता, पण वाकून पाहिलं त्यानं. हंड्याच्या तळाला हिरवी साय होती. लग्न कढीशिवाय लागलं. रुसून बसलेले दोन जावई सोडले तर सगळी माणसं धडधाकट घरी गेली, आणि त्या दिवसापासून बशीरभाई म्हणतील ते भांडं चांगलं आणि बशीरभाई म्हणतील ते खराब असं झालं.

मग बाजारात जर्मनची भांडी आली. आता अॅल्युमिनियम म्हणतात. हलकी, स्वस्त, कल्हईची गरजच नाही. मला वाटलं बशीरभाई चिडतील. त्यांनी एक पातेली उचलली, आत पाहिलं, बाहेर पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. "याले अंदर-बाहेर एकच हाय," ते म्हणाले. "याच्यावर भरोसा कसा ठिवावं?" आणि खाली ठेवली. पण ओट्यावरची भांड्यांची रांग आखूड होत चालली होती, ते मला खिडकीतून दिसायचं.

आता मोटारीचं सांगतो. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे.

आमच्या डॉक्टरांकडं एक काळी मोटार होती. जिनिंग फॅक्टरीचा कोणी मॅनेजर बदलून जाताना त्यांच्या गळ्यात मारून गेला होता. नामदेव म्हणून ड्रायव्हर होता. सरळ माणूस, घरी म्हातारी आई आणि बायको, गाडीला पोटच्या पोरासारखं जपायचा. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर स्वतःच्याच दवाखान्याच्या पायरीवरून घसरले आणि पाय मोडून घेतला. चार महिने गाडी निंबाच्या झाडाखाली उभी. वरून पाणी, खालून चिखल. दिवाळीनंतर डॉक्टर काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, गाडी काढ. सहा माणसांनी ढकलली. गाडी काही हलली नाही. सहा माणसं मात्र घामाघूम झाली.

नामदेवनं चाकं खोलली. आत ब्रेकचे चार लोखंडी ड्रम, पसरट पातेल्यासारखे, आणि आतून गंजाचे पापड सुटलेले. हातोडीनं ठोकून ठोकून त्यानं ते मोकळे केले. पण तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं आणि त्याच्या बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. जाताना तो मला म्हणाला, "भाऊ, एवढा जंग घासून ठिवा कोनाकून. मी आलो का बसवतो." आणि गेला.

वाशीममध्ये लोखंडावरचा गंज घासायला कोण आहे? मी चारही ड्रम उचलून शेजारच्या ओट्यावर ठेवले. मीच ठेवले, हे आधीच सांगून टाकतो.

बशीरभाईंनी एक उचलला. उलटा केला. आत पाहिलं.

"कोनाचं हाय हे?"

"डाक्टरसायबाच्या गाडीचं. जंग काढा लागते."

"काढू. आन् पुना चढला नाई पायजे ना?"

आता मला काय ठाऊक! मी म्हटलं, "नाई चढला तं चांगलंच हाय."

एवढंच बोलणं झालं. ब्रेक म्हणजे काय, तो आत कसा धरतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला येत नव्हतं. त्यांच्या लेखी ते भांडं होतं, आणि भांड्याला आतून जे करायचं ते त्यांना माहीत होतं.

दोन दिवस बशीरभाई ड्रमात उभे राहून फिरले. दवाखान्यात बसून मी पुड्या बांधायचो आणि पलीकडून करकर ऐकू यायची. मग चिंचेचं पाणी, मग राख, मग पुन्हा वाळू. लोखंड आतून उघडं पडलं, राखाडी, स्वच्छ. इथं कोणीही थांबला असता. बशीरभाईंनी भट्टी पेटवली.

लोखंडाला कल्हई सहजासहजी धरत नाही. हे मला त्यांनीच पूर्वी शंभरदा सांगितलेलं. पहिल्या दिवशी कथील आत नुसतं गोळ्या गोळ्या होऊन पळत राहिलं, अळवाच्या पानावर पाणी पळतं तसं. बशीरभाई जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवसागराचा एवढा धूर झाला की आमचे रोगी खोकत खोकत उठून बाहेर जाऊन बसले. अमीनाभाभी, त्यांची बायको, खिडकीतून मला म्हणाल्या, "कंपोंडरभाऊ, तुमीच सांगा ना त्याइले. लोखंडाले कल्हई लावते काय कोनी?" मी सांगितलं नाही. मला बघायचं होतं जमतं का.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज बारीक होता, म्हणून मी पुडी तशीच टाकून गेलो. चारही ड्रम ओट्यावर ओळीनं उताणे मांडलेले. मी वाकलो. आत माझं नाक दिसलं, मिशा दिसल्या, मागचं निंबाचं झाड दिसलं. कुठं डाग नाही, कुठं ओरखडा नाही. चांदी हो, नुसती चांदी! मला भांड्यातलं काही कळत नाही, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "वाहवा, बशीरभाई! वाहवा! असं काम मी जिंदगीत पाह्यलं नाई."

ते खाली बसले आणि टोपी काढून डोकं पुसलं. त्यांचे डोळे लाल होते, धुरानं असतील. मग रीतीप्रमाणे त्यांनी लोटा घेऊन एका ड्रमात पाणी ओतलं. ड्रमाला मध्ये मोठं भोक असतं. सगळं पाणी त्यांच्या मांडीवर गेलं. आम्ही दोघंही त्या भोकाकडं पाहत राहिलो.

"पान्याचं भांडं नाई हे," बशीरभाई शेवटी म्हणाले.

"नाई," मी म्हटलं.

त्या वेळी आम्हा दोघांपैकी एकानं जरी पुढचा प्रश्न विचारला असता, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मला रंगाची घाई होती. दवाखान्याच्या पाटीवर लाल फुली काढून उरलेला अर्धा डबा माझ्याकडं होता. ड्रम बाहेरून आणि त्यांच्या मागच्या लोखंडी ताटल्या मी लाल रंगवल्या, दोन हात देऊन. बशीरभाई म्हणाले, "बाहेरचं तुमचं, अंदरचं माह्यं." रंग वाळला तसे नामदेवची वाट न पाहता आम्ही ड्रम बसवले, चाकं चढवली आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन चहा प्यायलो.

नामदेव परतला तेव्हा गाडी चारही चाकांवर उभी, लाल ताटल्या चमकताहेत. डॉक्टर काठीवर वाकून पाहत म्हणाले, "वा! रंग कोणी दिला?" मी ताबडतोब म्हटलं, "मी दिला, साहेब." नामदेवनं चाकांचे नट आवळून पाहिले. तो आणखीही काही पाहणार होता, पण तेवढ्यात मेडशीहून माणूस आला. त्याची बायको तापानं बेशुद्ध पडली होती. डॉक्टर पुढं बसले, मी बॅग घेऊन मागं. निघालो.

दवाखान्यापासून बाजारापर्यंत उतार आहे. त्या दिवशी आठवडी बाजार. नामदेवनं उतारावर पाय दाबला. गाडी थांबली नाही. त्यानं पुन्हा दाबला, मग दोन्ही पायांनी दाबला, उभा राहून दाबला. गाडी आपली चाललेली, घाई नाही, गोंधळ नाही. मिरच्यांचं दुकान डाव्या हाताला गेलं, बांगड्यांचं उजव्या. एक शेळी बांधलेली होती, तिनं दावं तोडलं. माणसांना जे उशिरा कळलं ते तिला आधी कळलं. शेवटी जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यातल्या शेवटच्या गाडीच्या कापसात आमच्या मोटारीचं नाक खिडक्यांपर्यंत शिरलं आणि आम्ही थांबलो. कोणाला लागलं नाही. डॉक्टरांच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि त्यांचा चष्मा अर्ध्या तासानं कापसात सापडला.

डॉक्टर रागीट नव्हते, पण भर बाजारात सगळ्या गावानं त्यांना कापसातून ओढून काढलं होतं. कोणीतरी म्हणालं, लग्नाहून आला ना हा, रात्रभर प्यायला असेल. डॉक्टरांनी नामदेवकडं पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." आणि सर्व्हिस मोटारीनं मेडशीला निघून गेले. ती बाई वाचली, हे सांगितलं पाहिजे.

नामदेवचं मात्र संपलं. बाजारात गाडी घालणारा, तोही दारू पिऊन, असा ड्रायव्हर पंचक्रोशीत कोण ठेवणार? दुसऱ्या दिवशी दुपारी तो बशीरभाईंच्या ओट्यावर येऊन बसला. मीही होतो. तो रडत नव्हता, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "मी दाबला, चाचा. मायची शप्पत, पुरा दाबला. धरलाच नाई त्यानं."

बशीरभाईंनी भात्यावरचा हात काढला. "कायले धरते तो? मले सांग बरं, कसा धरते?"

नामदेवनं एका हाताची वाटी केली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं आत घालून ताणून दाखवली. "हे ड्रम फिरते. अंदर दोन पट्ट्या असते. पाय दाबला का पट्ट्या फाकते आन् ड्रमाले अंदरून घासते. घासलं का थांबते."

"अंदरून?"

"अंदरूनच ना चाचा."

"खरबडीत पायजे मंग ते?"

"गुळगुळीत असन तं घसरनच."

बशीरभाईंच्या टाचा थांबल्या होत्या, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नामदेवला काही कळलं नाही. कल्हईनंतर त्यानं ड्रम आतून पाहिलेच नव्हते. तो उठून गेला. मला सगळं कळलं होतं, आणि कळल्याबरोबर मी काय केलं तेही ऐका. मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हटलं, "बशीरभाई, गप राहा. आपन दोघं चाकं खोलू, घासून टाकू. कोनाले पत्ता लागनार नाई. नामदेव काय, त्याले कुठी बी काम भेटन."

"तीस वर्स झाले," बशीरभाई म्हणाले. "एक भांडं वापस नाई आलं."

"आता बी नाई आलं. कोनाले माईत हाय?"

"मले," ते म्हणाले. "आन् ते पोरगं घरी मायले काय सांगत असन आता?"

मी घरी गेलो. माझ्या घरी दोन लहान मुली होत्या, आणि दवाखान्यातली नोकरी ही एकच नोकरी मला येत होती. हे सांगतोय ते सबब म्हणून नाही. म्हणजे, सबबच आहे.

सकाळी दवाखान्यात पंधरा-वीस रोगी बसले होते. दारातून बशीरभाई आले. डोक्यावर ड्रम, वरून फडकं. भांडी पोचवायला जात तसेच आले. पहाटेच एकट्यानं चाक खोललं होतं. डॉक्टरांच्या टेबलावर ड्रम ठेवून त्यांनी फडकं काढलं.

"अंदरून पाहा साहेब."

डॉक्टरांनी पाहिलं. आत त्यांचं स्वतःचं टेंगूळ दिसत होतं. "हे काय आहे?"

"कल्हई हाय. मी केली. ब्रेक अंदरून घासते, ते मले माईत नोतं. म्या गुळगुळीत करून ठिवलं. नामदेवनं पाय दाबला होता साहेब. तो पेला नोता. तुमची गाडी माह्या कामानं नाई थांबली."

सगळे रोगी ऐकत होते. एक म्हातारी कानामागं हात धरून, ऐकू यावं म्हणून, पुढं सरकली. डॉक्टर बराच वेळ ड्रममध्ये पाहत राहिले. मग त्यांनी मान वर केली ती माझ्याकडं.

"बसवताना कोणी पाहिलं नाही का हे? तुम्ही होतात ना तिथं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण बशीरभाईच बोलले. "त्याइनं बाहेरून रंग देल्ला साहेब. अंदरचं काम माह्यं होतं."

खोटं नव्हतं ते. मी तोंड मिटलं. माझी नोकरी वाचली, आणि मी मान खाली घालून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवू लागलो. त्या दिवशी दोन बाटल्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लागल्या, त्या डॉक्टरांनी पाहिल्या म्हणून बरं.

नामदेवला दुपारीच बोलावणं गेलं. डॉक्टर स्वतः उठून दारापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, "चूक झाली माझी." नामदेवनं वाकून त्यांची काठीच धरली. काय करावं त्याला सुचत नव्हतं.

बशीरभाई म्हणाले, उतरवायचं तर मीच उतरवीन, आणि इथंच. निंबाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या समोर बसून, विटकरीचा तुकडा आणि काचपेपर घेऊन त्यांनी ती चांदी खरडून काढली. दोन दिवस लागले. नामदेवनं हात लावायला मागितला, तर नाही म्हणाले. अर्धं गाव पाहून गेलं. ज्यांच्या घरची भांडी होती तेही पाहून गेले. एका ड्रमावर नामदेवनं बोट फिरवून सांगितलं, "बस झालं चाचा." बशीरभाईंनी विचारलं, "अजून खरबडीत करू?" आणि झालं ते फडक्यानं झाकून ठेवलं. भांडं आतून खरबरीत सोडून देणं हे त्यांच्यानं पाहवत नव्हतं, एवढं मला खिडकीतूनही कळत होतं. मी खिडकी लावून घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गाडी पुन्हा जोडली तेव्हा बशीरभाई कोणी न सांगता पुढं जाऊन बसले. डॉक्टर म्हणाले, आधी रिकामी नेऊन पाहू. बशीरभाई उतरले नाहीत. त्याच उतारावर नामदेवनं पाय दाबला आणि गाडी अशी जागच्या जागी थांबली की बशीरभाईंचं कपाळ काचेवर आपटलं. कपाळ चोळत ते म्हणाले, "आता जमलं."

यानंतर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं, असं लिहायला मला आवडलं असतं. गाव तसं नसतं. बायका भांडं परत घेताना आत बोट फिरवून विचारू लागल्या, "घसरनार तं नाई ना बशीरभाई?" आणि हसायच्या. रिकामटेकडे त्यांना पाहून "ब्रेक! ब्रेक!" करायचे. तीस वर्षांचं वाक्य त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. वर जर्मनची भांडी होतीच. ओट्यावरची रांग चार भांड्यांवर आली, मग दोनांवर. ब्रेकच्या त्या गोष्टीनंतर दोन वर्षांनी त्यांनी कामरगावला लेकीकडं जायचं ठरवलं.

मी मोटारस्टँडवर गेलो. भाता टपावर चढवला, दोरीनं बांधला. अमीनाभाभी आत बसल्या होत्या, बशीरभाई खिडकीशी. मी खाली उभा. दोन वर्षं शेजारी राहून जे मला बोलता आलं नव्हतं, ते मोटार सुटायच्या वेळी बोलावंसं वाटलं.

"बशीरभाई, त्या दिशी दवाखान्यात मी बोलाले पायजे होतं. पाह्यलं होतं मी अंदरून. मी वाहवा केल्ती. तुमी माह्यी नवकरी वाचवली."

ते म्हणाले, "तुमाले तसं वाटलं काय? दोन वर्स?"

मी मान हलवली.

"नवकरी-बिवकरी काई नाई जी. माह्या साऱ्या जलमात त्याच्यापेक्षा चांगलं काम माह्या हातून झालं नाई. आन् त्याले वाहवा एकाच मानसानं केली. ती वाहवा मी तिथी, साऱ्याइच्या समोर, गुन्हा म्हनून मांडू? ती माह्यी होती. ती कायले देऊ त्याइले?"

कंडक्टरनं घंटी मारली. बशीरभाईंनी आत सरकून भाभींना खिडकीची जागा दिली, आणि मोटार सुटली.